जुन्या क्वेकर मीटिंग हाउसमध्ये बघण्यासारखं असतं तरी काय?

इंग्लंडमधली जुनी क्वेकर मीटिंग हाउसं, म्हणजे क्वेकर या ख्रिस्ती पंथाची उपासनेची ठिकाणं, वाट वाकडी करून बघण्यासारखी आहेत का, की फोटोत दिसतात तशी नुसती साधी घरंच आहेत, असं तुम्ही विचारलंय. दिसायला घरंच आहेत. उंच मनोरा नाही, वेदी नाही, क्रूस नाही, रंगीत काचा नाहीत. बाहेरून फोटो काढून परत फिरणार असाल तर जाऊच नका. बघायची ती आतल्या बाकांची मांडणी आणि मधली लाकडी भिंत.

या पंथाचा संस्थापक जॉर्ज फॉक्स याने १६५२ च्या सुमारास उत्तर इंग्लंडच्या डोंगराळ भागात माणसं जमवली. देव प्रत्येकाशी थेट बोलतो, मग पाद्री कशाला, हे त्याचं म्हणणं. सरकारला ते मानवणारं नव्हतंच. १६७० च्या कायद्याने घरच्यांखेरीज पाच जणही सरकारमान्य चर्चपेक्षा वेगळ्या उपासनेला जमले तरी दंड होता. त्याच वर्षी लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरचं मीटिंग हाउस शिपायांनी अडवलं, तेव्हा विल्यम पेन (पुढे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया वसवणारा क्वेकर) रस्त्यावरच बोलायला उभा राहिला. खटल्यात ज्युरीने त्याला दोषी ठरवायला नकार दिला, तर न्यायाधीशांनी ज्युरीलाच उपाशी कोंडलं आणि वर दंड ठोठावला. त्यातला एडवर्ड बुशेल दंड भरेना. त्याच्या प्रकरणातून, निकाल पटला नाही म्हणून ज्युरीला शिक्षा करता येत नाही, हे तत्त्व तिथे कायमचं रुजलं.

आणि गंमत म्हणजे हर्टफर्डचं मीटिंग हाउसही १६७० चंच. सभेसाठी म्हणून बांधलेलं आणि आजही त्याच कामी येणारं जगातलं सगळ्यात जुनं. ही माणसं लपून बसली नाहीत, हे मला त्यात सगळ्यात आवडतं.

उत्तर इंग्लंडमधल्या सेडबर्गजवळचं ब्रिगफ्लॅट्स मीटिंग हाउस १६७५ चं. तिथे जिन्याच्या पायथ्याशी कुत्र्यांसाठी छोटा कोंडवाडा आहे, कारण आसपासचे मेंढपाळ कुत्र्यांसकट यायचे. एकच ठिकाण जमणार असेल तर मी हेच सांगेन.

आत एका बाजूला बाकांची रांग जरा उंचावर, बाकीच्यांकडे तोंड करून असते. बोलण्यात मुरलेली वडीलधारी मंडळी तिथे बसत, आणि त्यांत बायकाही असत. बाकी सगळे गप्प. कोणाला आतून वाटलं तर तो उठून बोलतो, नाहीतर तासभर शांतता. कारभाराच्या सभेतही मतदान नाही. लिहिणारा तिथल्या तिथे ठराव लिहून वाचतो, सगळ्यांना पटेपर्यंत बदलतो. (सेवाग्रामच्या नई तालीमशी जोडलेल्या मार्जरी साइक्स याच पंथाच्या.)

आता ती भिंत. उपासना एकत्र, पण पूर्वी कारभार पुरुषांचा वेगळा नि बायकांचा वेगळा चाले. त्यासाठी मधल्या लाकडी फळ्या बंद करायच्या. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं बकिंगहॅम मीटिंग हाउस (१७६८) तर दोन सारख्या भागांचंच बांधलं. बायकांना स्वतःची सभा, स्वतःचं दप्तर, त्या काळात हे फार मोठं होतं. पण अंतिम शब्द बहुतेक वेळा पुरुषांच्या सभेचा असायचा, हेही लक्षात ठेवा.

क्वेकरांबद्दल भारावून लिहिणारे फिलाडेल्फियाचं आर्च स्ट्रीट मीटिंग हाउस दाखवतात तेव्हा एक बाक गाळतात. तिथल्या क्वेकरांनी १७७६ मध्ये सभासदांना गुलाम बाळगायला बंदी केली. खरंच मोठी गोष्ट. पण पुढच्या शतकात सारा मॅप्स डग्लस ही कृष्णवर्णीय शिक्षिका आईबरोबर त्याच आर्च स्ट्रीटला यायची, तेव्हा त्यांना बसायला वेगळा बाक होता, आणि शेजारी कोणी बसू नये याची काळजी घेतली जायची. तिने हे स्वतः लिहून ठेवलंय. बाकांची मांडणी बघा म्हणतो ते यासाठीही.

लंडनहून सोयीचं हवं असेल तर बकिंगहॅमशरमधलं जॉर्डन्स, १६८८ चं. २००५ च्या आगीत त्याचं बरंच नुकसान झालं, पण नीट दुरुस्त केलंय. पेनची कबर तिथेच आहे. सुरुवातीचे क्वेकर कबरीवर दगड ठेवणं टाळत. आज दिसतात ते छोटे दगड तो गेल्यावर शतकाहून अधिक काळाने बसवलेले आहेत.

जमल्यास रविवारी सकाळी सभेच्या वेळेलाच जा. पाहुण्यांना मज्जाव नसतो. शेजाऱ्याशी हस्तांदोलन झालं की सभा संपली. मग बहुतेक ठिकाणी चहा असतो, आणि इमारतीबद्दल काय हवं ते तेव्हा विचारा.