‘तो बाळाला हातच लावत नाही’

बाळंतपणानंतर माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी मुलींच्या तोंडी हेच वाक्य असतं. गेल्या महिन्यात ते इतक्यांदा ऐकलं, की केतकी आणि निखिलबद्दल लिहायचं ठरवलं. नावं अर्थातच बदलली आहेत आणि पाच-सहा भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

मुलगी साडेतीन महिन्यांची. पहिल्या भेटीत केतकी एका दमात बोलत होती. “दिवसाला आठ डायपर बदलते मी, मॅडम. रात्री दोनदा उठते. हा कूस बदलून झोपतो.” निखिल मान खाली घालून एवढंच म्हणाला, “मला नाही जमत ते.”

दुसऱ्या भेटीत मुलीनेच माझं काम सोपं केलं. ती किरकिरायला लागली. डायपरवरची पिवळी रेघ निळी झाली होती. मी म्हटलं, “निखिल, तुम्ही बदला.” त्याने सतरंजीवर दुपटं अंथरलं, तिला निजवलं. हाडावर हाड घासू नये म्हणून दोन्ही घोट्यांच्या मधे आपलं एक बोट घातलं आणि पाय अलगद उचलले. जमत नाही म्हणणाऱ्याला हे कुठून सुचलं? ओल्या कापसाने तो पुढून मागे पुसत होता. मुलींना तसंच पुसायचं असतं, नाहीतर शीमधले जंतू लघवीच्या जागी जातात.

“अरे, जांघेत नीट पूस. थांब, पट्ट्या तिरक्या लागल्यात. सरक, दे इकडे.”

निखिलचे हात क्षणभर तसेच हवेत राहिले. मग त्याने ते स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले. महिनाभर नुसतं बोलूनही जे कळलं नसतं, ते मला त्या हातांत दिसलं.

मी केतकीला विचारलं, “पट्टी तिरकी राहिली तर काय होईल?”

“गळेल.”

“मग?”

“दुपटं ओलं होईल. धुवावं लागेल.”

“मग?”

ती गप्प झाली. मी घाई केली नाही. डोळे भरून आल्यावर म्हणाली, “मग आई म्हणेल, पोरीचं एवढंसुद्धा हिला बघता येत नाही.”

आई तिकडे दुसऱ्या गावी, आणि ही दिवसातून आठ वेळा तिच्यापुढे परीक्षेला बसत होती!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विचाराने मी काम करते. प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो, असं ते सांगत. मराठीत हा हट्ट एका अक्षरात मावतो: ‘च’. मीच केलं पाहिजे. नीटच झालं पाहिजे. आणि निखिलचा? मला जमणारच नाही. दोघांची वाक्यं मी कागदावर लिहिली आणि ‘च’ त्यांनाच खोडायला लावले. अनेक वर्षं हे करते आहे, पण कागदावरून नजर वर येते तेव्हाचा चेहरा मला आजही नवा वाटतो.

आता तुमच्यासाठी. नोकरी करणाऱ्या आईला कायद्याने २६ आठवड्यांपर्यंत रजा मिळते. वडिलांना केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस, आणि खासगी कंपनीवर तर तेवढंही कायद्याचं बंधन नाही. तिचा हात बसतो तोवर तो मागे पडलेला असतो. म्हणून एक वेळ पूर्ण त्याची ठरवा, समजा संध्याकाळी सात ते रात्री बारा, आणि तेव्हा खरंच दुसऱ्या खोलीत जा. सांगायचं ते फक्त सुरक्षेपुरतं: पलंगावर बाळ असताना एक हात कायम त्याच्यावर, शी झाली की लगेच बदलायचं, कारण शी आणि लघवी एकत्र राहिली की कातडी सोलवटते, आणि नवीन डायपर अंग कोरडं झाल्यावरच. बाकी त्याच्या पद्धतीने होऊ द्या. बाबांनो, “सांग, मी करतो” म्हणजे वाटणी नव्हे. किती डायपर उरलेत हे बघणंही त्याच कामात येतं.

आणि बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप लागत नसेल, रडू दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं असेल, तर डायपरचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा.

शेवटच्या भेटीत निघता निघता निखिल म्हणाला, “स्मॉल आता घट्ट होतंय तिला. मांड्यांवर वळ उठतात. मीडियम आणतो.”

केतकीने वाकून पाहिलं. वळ होते.