ब्राऊन एलमध्ये लोकांना टॉफी आणि अक्रोड लागतात, मला नुसतं कडू पाणी का लागलं?

तुम्ही लिहिलंय की अंधेरीत पहिल्यांदाच ब्राऊन एल (तपकिरी रंगाची, भाजक्या चवीची बिअर) घेतली, वाचलेल्यातलं टॉफी-बिस्किट-अक्रोड काहीच लागलं नाही, आणि आता स्वतःच्या जिभेवरच शंका येतेय. जिभेला दोष देऊ नका. ग्लास बोटं बधिर होतील इतका गार होता का, ते सांगा.

मुंबईत बिअर म्हणजे 'चिल्ड'. लोकलमधून घामाघूम उतरलेल्या माणसाला तेच हवं असतं, आणि लागरला (नेहमी मिळणाऱ्या फिक्या, हलक्या बिअरला) ते शोभतंही. ब्राऊन एल मात्र १० ते १३ अंशांच्या आसपास खुलते. त्याहून फार गार असली की गोडवा आणि वास दबतो, वर राहतो तो कडवटपणा आणि गॅसचा चावा. तुम्ही बहुतेक तेवढंच प्यायलात.

माझंही असंच झालं होतं. एका ठिकाणी तर फ्रीझरमधून काढलेल्या मगात ओतून आणली, काठावर बर्फाची साय. परत पाठवायचा संकोच वाटला, म्हणून दोन घोट घेऊन बाजूला सरकवली आणि गप्पा मारत बसलो. अर्ध्या तासाने सहज उचलली, तर वास ओळखीचा. नाव काही आठवेना. बायकोने हुंगलं आणि म्हणाली, "अरे, भाजणी!" अगदी तोच, थालीपिठाच्या भाजणीचा, धणे वगळून.

त्यात नवल नाही. माल्ट म्हणजे जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवून भट्टीत भाजायचे. नाचणीचं सत्त्व करताना सुरुवात अशीच होते की. ब्राऊन एलमध्ये बराचसा माल्ट फिकाच असतो. सोबत थोडा क्रिस्टल माल्ट (ह्याच्या दाण्यातच साखर तयार होऊन भाजताना तिचं कॅरमल होतं) आणि अगदी थोडा चॉकलेट माल्ट. चॉकलेट त्यात औषधालाही नसतं, दाणे तेवढ्या गडद रंगावर भाजलेले असतात, इतकंच. अक्रोडही सहसा कोणी घालत नाही, तो भास भाजण्यातूनच येतो. हे झालं इंग्लिश वळण. तिकडची प्रसिद्ध न्यूकॅसल ब्राऊन एल १९२७ सालची. अमेरिकन पद्धतीत हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) सढळ हाताने पडतात, त्यामुळे ती मुळातच जास्त कडू. तुम्हाला कोणती मिळाली होती, ते वेटरला विचारायला हवं होतं.

आणि टॉफी-बिस्किट शोधूच नका, ते शब्द परक्या स्वयंपाकघरातले आहेत. काकवी, चिक्की, तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीचा पापुद्रा, असं काही सापडतंय का बघा. पॉपकॉर्नवरच्या लोण्यासारखा भपकारा आला तर बहुधा आंबवणं नीट पुरं झालेलं नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली तर हवा लागून शिळी झालीय. हे दोन्ही दोष बिअरचे, तुमचे नव्हेत.

पुढच्या वेळी आधी चाखायला थोडीशी मागा. टॅपरूममध्ये (जिथे बिअर थेट नळातून ओतून देतात) सहसा देतात. ग्लास दोन्ही तळव्यांत धरून बसा, मुंबईची हवा उरलेलं काम करते. सोबत खारे शेंगदाणे ठेवा. शेजवान काहीही मागवलंत तर पुढचा अर्धा तास जिभेला काही कळणार नाही.

त्या दिवशीची माझी फोनमधली नोंद देतो, उपयोग झाला तर बघा: "तपकिरी, दिव्यासमोर धरली की कोकमासारखी लाल झाक. फेस मगातच मेला. वास भाजणी, मागून काकवी. घोट हलका, मधेच चिक्कीचा करपलेला कोपरा, शेवट कोरडा. दहापैकी सात. मगाचा एक कापला."