बंदर पाखाडी: बंदर कुठले आणि पाखाडी कसली?

नुकतेच नागपूरहून कांदिवली पश्चिमेला राहायला आलेल्या एका वाचकांनी विचारले आहे: घराजवळ 'बंदर पाखाडी रोड' आहे. तिथे पूर्वी माकडे होती का, असे मुलगी विचारते. पाखाडी हा शब्द घरात कुणी ऐकलेला नाही. रिक्षावाल्याच्या मते ते 'पहाडी' असावे, म्हणजे टेकडी. आणि मराठीत पत्ता लिहिताना रोड लिहावे की मार्ग?

माकडांचे आधी सांगतो. नागपूरकडे हिंदीच्या शेजारामुळे माकडाला बंदर म्हटलेले कानाला खटकत नाही, म्हणून मुलीचा प्रश्न अगदी रास्त आहे. पण कोकणच्या किनाऱ्यावर बंदर म्हणजे होड्या, गलबते लागायची जागा. शब्द मूळचा फारसी. इराणातल्या बंदर अब्बासमध्ये आहे तोच. मराठीत तो इतका मुरला की शिवकाळातल्या कागदपत्रांतही सहज भेटतो. मुंबईत तर पावलोपावली आहे. मस्जिद बंदर हे स्टेशनाचे नाव रोज लाखो लोकांच्या तोंडी असते. गोदीच्या बाजूला लकडी बंदर, हाजी बंदर. आपला एस. व्ही. रोड पूर्वी घोडबंदर रोड होता, कारण तो वसईच्या खाडीवरच्या घोडबंदराकडे जायचा. कांदिवलीच्या पश्चिमेला खाडी, तिवरांचे रान आणि कोळीवाडा आहे. होड्या लावायला जागा असली की कोळी माणूस तिला बंदर म्हणतो, त्यासाठी धक्का न् गोदी लागत नाही.

आता पाखाडी. हा शब्द माझ्या फार जवळचा आहे, म्हणून थोडा रेंगाळतो.

रत्नागिरी जिल्ह्यात आमचे आजोळ. घर उतारावर, रस्ता खाली. मधे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचून केलेल्या बुटक्या भिंती. हीच पाखाडी. श्रावणात तिच्यावर हिरवे बुळबुळीत शेवाळ धरायचे आणि आजी ओटीवरून ओरडायची, "पाखाडीवरनं सावकाश उतर रे, कडेकडेनं." अजूनही कोकणातल्या ग्रामपंचायतींच्या कामांच्या यादीत 'अमुक वाडीत पाखाडी बांधणे' हे काम हमखास दिसते. म्हणजे तिकडे शब्द जिवंत आहे आणि त्याचा अर्थ स्वच्छ आहे: दगडांनी बांधलेली पायवाट, बहुधा पायऱ्यांची.

मग कांदिवलीला अशी पायऱ्यांची वाट कुठे आहे? ती शोधायला नको. मुंबई-ठाण्याच्या जुन्या गावांत हा शब्द वाटेवरून वस्तीवर सरकला. वाटेच्या दोन्ही अंगांना घरे झाली की त्या घरांनाही वाटेचेच नाव पडते. 'आळी'चे तसेच आहे. आळी म्हणजे गल्लीही आणि त्या गल्लीतली सगळी घरेही. वांद्र्यापासून वरच्या कोळी आणि ईस्ट इंडियन (इथले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती) गावांत पाखाडी म्हणजे गावाचा एक भाग, एक मोहल्ला. कळव्याजवळच्या खारेगावातही पाखाडी आहे.

हा फरक ओळखायची एक खूण आहे, आणि मला ती शब्दकोशातल्या अर्थापेक्षा जास्त पटते. शब्दाला पुढे काय जोडले जाते ते ऐका. आजोळी आम्ही पाखाडी'वर' घसरून पडायचो. इथला माणूस पाखाडी'त' राहतो. 'वर' आला की वाट, 'त' आला की वस्ती. एवढ्याशा जोडणीने अर्थाचा सगळा प्रवास हाती लागतो.

पहाडीशी मात्र याचे नाते नाही. रिक्षावाल्याची चूक समजण्यासारखी आहे, कारण पहाडी नावाचे गावही जवळच आहे. गोरेगावच्या जमिनीच्या कागदांवर 'मौजे पहाडी गोरेगाव' असे लिहिलेले असते. इंग्रजी पाटीवर या दोन नावांत एकाच अक्षराचा फरक उरतो, तिथेच घोटाळा होतो. नाव इंग्रजी लिपीत गेले आणि तिथून परत देवनागरीत आले की त्याचा चेहरा बदलतो. शीव म्हणजे गावाची हद्द. मुंबई बेट जिथे संपते तिथले गाव म्हणून ते शीव. इंग्रजीतून फिरून आले तेव्हा त्याचे 'सायन' झाले आणि हद्द गेली. मला हे नुकसान खरोखर मोठे वाटते.

कांदिवली-बोरिवली 1957 मध्ये बृहन्मुंबईत आली. तोवर ही मुंबईच्या उत्तरेच्या साष्टी बेटातली गावे होती. साष्टी हे नावच सहासष्ट गावांवरून पडलेले. त्यामुळे उपनगरातल्या पाट्यांवर रस्त्यांपेक्षा गावेच जास्त सापडतात: अंधेरीची तेली गल्ली, सांताक्रूझची खोतवाडी, जागोजागची गावठाण लेन. खारला आणि चेंबूरला आखून वसवलेल्या भागांत मात्र रस्त्यांना नुसते आकडे आहेत, तिथे शब्दाच्या शोधात फार काही मिळत नाही.

राहिला रोड की मार्ग हा प्रश्न. पाखाडी म्हणजेच वाट असेल तर 'पाखाडी रोड' ही द्विरुक्ती होईल, अशी शंका कुणी काढेल. पण इथे पाखाडी ही वस्ती आहे, म्हणून 'बंदर पाखाडी रोड' म्हणजे बंदर पाखाडीकडे जाणारा रस्ता, आणि तो नीट आहे. रोड लिहा, मार्ग लिहा, दोन्ही चालेल. घर प्रत्यक्ष वस्तीतच असेल तर नुसते 'बंदर पाखाडी, कांदिवली पश्चिम' पुरते, आणि जुने रहिवासी बोलतातही तसेच. फक्त 'पखाडी' असे लिहू नका. 'पा'ला काना आहे आणि 'खा'लाही. शब्द स्त्रीलिंगी: ती पाखाडी, त्या पाखाड्या.