डोंगरात माल येतो, निघत नाही

पत्र थोडक्यात असं: "आम्ही बरीच वर्षं अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियात, एल्किन्सजवळ राहतो. मिस्टर इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहेत. मुलगा २६ वर्षांचा. कॉलेज अर्धवट सोडून त्यानं ट्रकचं लायसन्स काढलं, दोन वर्षं कंपनीची गाडी चालवली. गेले दोन महिने भाड्याचा ट्रक आणि ५३ फुटी बंद ट्रेलर घेऊन, दुसऱ्या कंपनीच्या परवान्यावर माल वाहतोय. आता स्वतःचा ट्रक घ्यायचा म्हणतो, पण घर आणि डोंगर सोडायची तयारी नाही. पैसे आमच्याकडे मागतोय. राबताना दिसतो, पैसा दिसत नाही. द्यावेत का? त्याच्या वहीच्या एका पानाचा फोटो सोबत पाठवते. आणि डॉक्टरांचा मुलगा ट्रक चालवतो, हे गावी कसं सांगू?"

ताई, नमस्कार.

शेवटचा प्रश्न आधी संपवतो. 'मुलगा वाहतुकीच्या धंद्यात आहे' असं सांगा. खोटं काहीच नाही त्यात. आता वहीकडे वळू.

पानावर पहिलीच नोंद आहे: कोलंबस (ओहायो) ते एल्किन्स, २४० मैल, ७२० डॉलर. मैलाला ३ डॉलर. त्यानं या आकड्याला पेननं गोल केलाय, आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही केला असता. पण त्याखाली बारीक अक्षरात 'परत रिकामा' एवढे दोनच शब्द आहेत आणि त्यापुढे आकडा नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या मोकळ्या जागेत आहे. येणं-जाणं मिळून ४८० मैल झाले, हातात आले ७२०. म्हणजे मैलाला दीड डॉलर. अमेरिकेतल्या ट्रक वाहतुकीचा खर्च दरवर्षी मोजणाऱ्या एटीआरआय या संस्थेनं २०२४ साठी काढलेला सरासरी खर्च मैलाला २ डॉलर २६ सेंट आहे. त्यात ड्रायव्हरचा पगारही धरलेला असतो. तुमचा मुलगा स्वतःला पगार देत नाही, म्हणून त्याला तोटा जाणवत नाही. तो फक्त दमतो.

डोंगराळ भागाचं भाडं चांगलं का दिसतं, तर येताना माल घेऊन या आणि जाताना रिकामे जा, हे त्या दरातच धरलेलं असतं. दुकानातलं सगळं, टीव्हीपासून टॉयलेट पेपरपर्यंत, बाहेरून वर चढून येतं. बाहेर जातं ते काय? कोळसा, खडी, ओंडके. यातलं काहीच बंद डब्यात जात नाही. शिवाय दुकानांच्या मोठ्या साखळ्यांच्या स्वतःच्या गाड्याही माल टाकून रिकाम्याच उतरत असतात. जे थोडंफार परतीचं भाडं असतं त्यावर त्या पडेल दरात झडप घालतात. त्यामुळे 'लोड बोर्डवर (गाडी शोधणाऱ्या मालाच्या ऑनलाइन यादीवर) रोज तासभर जास्त बसलो तर चांगला माल सापडेल' हा त्याचा समज मला पटत नाही. बोर्डवर येतो तो नेहमीच्या गाडीवाल्यांनी नाकारलेला माल. एल्किन्समधून बाहेर जाणारा चांगला माल बोर्डपर्यंत पोचतच नाही.

मग तो असतो कुठे? माझा मेव्हणा ओहायोत बारा वर्षं डिस्पॅचला, म्हणजे गाड्यांना माल आणि फेऱ्या नेमून देण्याच्या कामात आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, "इमारतींच्या मागच्या बाजूनं गाडी फिरव म्हणावं." डॉकला, म्हणजे माल चढवायच्या धक्क्याला, कोणाचे ट्रेलर लागलेत, ते रिकामे येऊन भरून जातायत की उलट, हे दोन आठवडे नुसतं बघायचं. तुमच्या रँडॉल्फ काउंटीत हार्डवूडचा धंदा जुना आहे. ओले लाकूड उघड्या ट्रेलरवर जातं, पण भट्टीत ६ ते ८ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेल्या फळ्या आणि तयार फ्लोअरिंग भिजून चालत नाही. त्यांना बंद डबाच सोयीचा. काही माल फर्निचरसाठी नॉर्थ कॅरोलायनाकडे जातो, काही व्हर्जिनियातल्या नॉरफोकच्या बंदराकडे. याशिवाय पोत्यांत भरलेले लाकडी पेलेट्स (शेगडीत जाळायच्या भुशाच्या गोळ्या), आणि कोणाच्या लक्षातही येत नाही असा पुठ्ठा. दुकानांच्या मागे खोकी दाबून गठ्ठे बांधलेले असतात, ते कागदाच्या गिरणीकडे जातात. पुठ्ठ्याचं भाडं कमी असतं, पण माल आठवड्यामागून आठवडा निघत राहतो आणि ट्रक उताराच्या दिशेनं भरलेला जातो.

लाकडाच्या गिरणीत तो पहिल्यांदा जाईल तेव्हा एक गोष्ट होते, तेवढी त्याला सांगून ठेवा. लोडिंगचा माणूस त्याला ट्रेलरमध्ये उभं करून बाहेरून दारं लावून घेईल. थट्टा नव्हे ती. आत अंधारात छतावर, कोपऱ्यात कुठे उजेडाचा ठिपका दिसतो का ते बघायचं असतं. ठिपका दिसला तर तिथून पाणी येणार, आणि भिजलेल्या फळ्यांचं बिल गाडीवाल्याच्या नावावर. दुसरं म्हणजे सगळ्या गिरण्यांना डॉक नसतो, आणि आत जाणाऱ्या चिखलाच्या वळणावर ५३ फुटी ट्रेलर अडकू शकतो. आधी स्वतःच्या कारनं जाऊन वळण बघून यावं. जो हे विचारून येतो, त्याचा नंबर शिपिंगवाली बाई लिहून घेते.

आता हिशेब पुन्हा मांडू. कोलंबस ते एल्किन्स ७२०. तिथून फ्लोअरिंग भरून पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइलकडे, साधारण २१० मैल, समजा ५०० डॉलर. कार्लाइलच्या भागात गोदामांची रांग आहे, तिथून कोलंबसला ३५० मैल, समजा ८००. मधले ४० मैल रिकामे धरा. एकूण ८४० मैल, २०२० डॉलर, मैलाला सुमारे २ डॉलर ४० सेंट. पुढचे दोन दर मी गृहीत धरलेत, ते रोज हलतात. पण बघा, मधल्या फेरीचे पैसे सगळ्यांत कमी असूनही सगळा धंदा तिच्यामुळे उभा राहतो. बोर्डवर ही फेरी एकटी दिसली असती तर तुमच्या मुलानं वर सरकवून टाकली असती.

मैलांइतकाच वेळही मोजायला लावा. कायद्यानं त्याला ११ तास चालवता येतं, तेही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. सपाटीवर ११ तासांत जेवढं अंतर कापलं जातं तेवढं तुमच्या घाटांत कापलं जात नाही. पूर्वेकडचा कॉरिडॉर एच हा चारपदरी रस्ता अजून अखंड झालेला नाही, मध्ये जुन्या वळणांवरून जावं लागतं. दक्षिणेला आय-६४ महामार्गावर सँडस्टोनचा उतार ७ टक्क्यांचा आहे. चढताना डिझेल जातं आणि उतरताना ब्रेक तापतात. त्यात कुठल्या गोदामानं डॉकवर चार तास ताटकळत ठेवलं की दिवस गेला. तेव्हा 'मैलाला किती' याच्याशेजारी 'दिवसाला किती' असा रकाना हवा.

पैशांबद्दल माझं मत: आत्ता देऊ नका. माल वाहण्याचा स्वतःचा परवाना काढायचा अर्ज ३०० डॉलरचा आहे, खरा खर्च विम्याचा. कायद्यानं किमान साडेसात लाख डॉलरचं कव्हर लागतं, आणि बहुतेक ब्रोकर, म्हणजे माल मिळवून देणारे दलाल, १० लाख मागतात, वर मालाचा १ लाखाचा विमा वेगळा. नव्या परवानाधारकाला हा विमा फार महाग पडतो, आणि पहिले काही महिने बरेच ब्रोकर त्याला माल देतच नाहीत. म्हणजे ट्रकचा हप्ता चालू आणि गाडी अंगणात. सध्या ज्या कंपनीच्या परवान्यावर आहे तिथेच त्यानं आणखी सहा महिने राहावं. मात्र दर आठवड्याला एक सकाळ गाडी न चालवता गिरण्यांच्या दारात घालवावी. आठवड्याला नेमानं बाहेरचा माल देणारे दोन जण मिळाले, की तुम्ही निम्मी रक्कम द्या, बाकीचं कर्ज त्याच्या नावावर. दोनऐवजी एकच मिळाला, तर ट्रक घ्यावा पण मुक्काम कार्लाइलकडच्या आय-८१ महामार्गाच्या बाजूला हलवावा आणि शनिवार-रविवारी घरी यावं. एकही नाही मिळाला तर डिस्पॅचचं काम त्यानं जरूर शिकावं. कुठून काय निघतं हे पायी फिरून पाहिलेला माणूस तिथे लवकर वर चढतो.

पेलेट्सची धावपळ थंडीच्या तोंडावर असते, तेव्हा त्या गिरण्यांकडे त्यानं सप्टेंबरच्या आधीच जाऊन यावं. आणि वहीत 'परत रिकामा' या शब्दांपुढे यापुढे मैल लिहायला सांगा. दोन महिन्यांनी तेच पान मला पुन्हा पाठवा.