तीनच विषय घेतले म्हणून मुलगी एकांगी होईल का?

इंग्लंडमधल्या रेडिंगहून एका आईने लिहिलं आहे: ‘मुलीची जीसीएसईची (आपल्या दहावीसारखी) परीक्षा झाली. ए-लेव्हलला (अकरावी-बारावीसारख्या पुढच्या दोन वर्षांना) तिने गणित, फर्दर मॅथ्स (गणिताचाच पुढचा, वेगळा विषय) आणि फिजिक्स घ्यायचं ठरवलंय. इतिहास तिला मनापासून आवडतो, तो सुटणार. हे म्हणतात, इंजिनिअर व्हायचंय तर इतिहास हवाय कशाला? सासूबाई पुण्याहून फोनवर म्हणतात, सोळाव्या वर्षी पोरीला झापडं लावताय. कुणाचं ऐकू?’

सासूबाईंचं निम्मं तरी ऐका. इंग्लंडची पद्धत खरोखरच अरुंद आहे. सोळाव्या वर्षी बहुतेक मुलं तीन विषयांवर येतात आणि बाकी सगळं सुटतं. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये मुलं हायर्सला (तिथल्या शालेय परीक्षेला) साधारण पाच विषय घेतात, आयबी या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात तर सहा घ्यावेच लागतात, त्यात भाषाही येतात. ही तक्रार जुनीच आहे. वैज्ञानिक आणि कादंबरीकार सी. पी. स्नो यांनी 1959 मध्ये केंब्रिजच्या व्याख्यानात हेच सांगितलं होतं: साहित्यवाल्यांना उष्मागतिकीचा दुसरा नियम, म्हणजे भौतिकशास्त्रातला अगदी मूलभूत नियमही, ठाऊक नसतो आणि वैज्ञानिकांचं साहित्याशी फारसं देणंघेणं नसतं. आपल्याकडेही दहावीनंतर सायन्स, कॉमर्स, आर्ट्स अशा वाटण्या होतातच, तेव्हा इंग्रजांना फार नावं ठेवायला नकोत.

पण विषय कमी झाले की माणूस आपोआप कोता होतो, हे मला पटत नाही. दामोदर धर्मानंद कोसंबींचं पाहा. गोव्यातला जन्म, शिक्षण अमेरिकेत, 1929 मध्ये हार्वर्डची पदवी, पेशा गणिताचा. पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं. तक्षशिलेला सापडलेली आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी त्यांनी एकेक करून तोलली. चलनात फिरून नाणं झिजतं, त्याचं वजन घटतं आणि वजनांमधला फरकही वाढत जातो. संख्याशास्त्राने हे मोजलं, तर कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची हे सांगता येतं. आपला हिशेब तपासायला त्यांनी आजची, वापरातली नाणीही तोलून पाहिली. इतिहासात ते शिरले ते गणिताच्याच दाराने. (घरात वडील पालीचे पंडित होते, हेही विसरायला नको.)

म्हणून मला काळजी तुमच्या मुलीची नाही, यजमानांच्या त्या प्रश्नाची वाटते. ‘हवाय कशाला’ हे घरात रोज कानावर पडलं की मूल समजतं, आपल्या विषयापलीकडचं सगळं फालतू. असं वाढलेल्या माणसाला इतर विषयांतलं कमी कळतं, हे एक वेळ चालेल. आज सगळं कुणालाच कळत नाही. पण त्याला वाटतं की सगळं सोपं आहे, आणि ते महागात पडतं. ऑफिसात चाचणीशिवाय एक ओळ कोड पुढे न पाठवणारा इंजिनिअर घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शिवकालाविषयी काहीही, कुठलाही पुरावा न मागता, पुढे पाठवतो. आपल्या कामात जितका पुरावा मागतो तितकाच दुसऱ्याच्या विषयात मागायचा, एवढं मुलीने घरात पाहिलं तरी पुष्कळ झालं.

यावर उपाय म्हणून शनिवार-रविवार क्लासेसनी भरू नका. तबला, भरतनाट्यम्, मराठी शाळा, बुद्धिबळ हे सगळं एका पोरीवर लादलं की कंटाळा तेवढा येतो. त्यापेक्षा शाळेत ईपीक्यू या स्वतंत्र प्रकल्पाची चौकशी करा. त्यात विद्यार्थी स्वतः विषय निवडून साधारण पाच हजार शब्दांचा अहवाल लिहितो आणि यूकासच्या (विद्यापीठ-प्रवेशाचं काम पाहणाऱ्या संस्थेच्या) गुणांत तो अर्ध्या ए-लेव्हलइतका धरला जातो. जुने पूल, रेल्वे, नकाशे असं काहीही घेतलं तरी तिथे तिचा इतिहास आणि गणित एकत्र येतील. शिवाय आठवड्यातून एकदा जेवताना तुम्ही स्वतः काय वाचलंत ते सांगा. तुम्ही काहीच वाचत नसाल, तर तिला वाचायला सांगू नका.

आता निवडीचं. इंजिनिअरिंगला बहुतेक ठिकाणी गणित आणि फिजिक्स लागतं, तिसरा विषय बऱ्याचदा मोकळा असतो. काही नावाजलेल्या विद्यापीठांना मात्र फर्दर मॅथ्स हवं असतं आणि केंब्रिजला गणित शिकायचं असेल तर ते लागतंच. तिच्या मनातल्या चार-पाच अभ्यासक्रमांच्या अटी तिलाच काढून वाचू द्या. फर्दर मॅथ्सची सक्ती कुठेच नसेल, तर तिसरा विषय इतिहास घ्यायला काय हरकत आहे? सक्ती असेल, तर सप्टेंबरात चार विषयांनी सुरुवात करून एक नंतर सोडता येतो का, ते सिक्स्थ फॉर्ममध्ये (ए-लेव्हल शिकवणाऱ्या विभागात) विचारा. काही ठिकाणी तशी मुभा असते. मात्र चौथ्या विषयाचा भार मोठा असतो, तेव्हा तो घ्यायचा की नाही हे तिने ठरवावं. सासूबाईंना काय सांगायचं, तेही तिच्यावरच सोपवा.