थीम पार्कची गर्दी आणि लहान मुले: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आम्हाला सहा वर्षांची मुलगी आणि अडीच वर्षांचा मुलगा आहे. मागच्या सुटीत आम्ही त्यांना एका मोठ्या थीम पार्कमध्ये नेले होते. पाच तासांत जेमतेम तीन राइड झाल्या, बाकी सगळा वेळ रांगेत गेला आणि दुपारनंतर धाकटा इतका किरकिरला की आम्ही वैतागून परतलो. या सुटीत मुलगी पुन्हा हट्ट धरून बसली आहे. गर्दीच्या दिवसांत इतक्या लहान मुलांना नेऊच नये का?

उत्तर: अवश्य न्या, पण दिवसाची आखणी तिकिटावरून न करता धाकट्याच्या दमावरून करा. पैसे भरले आहेत तर उघडण्यापासून बंद होईपर्यंत थांबायचे, असे बहुतेक पालक ठरवून टाकतात आणि बिनसते ते तिथेच. अडीच वर्षांचे मूल आनंदात असले तरी तीन-चार तासांनी थकते. थकवा त्याला शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ते रडते, अंग टाकून देते किंवा एकाएकी काहीच नको म्हणते. त्याला आपण हट्ट म्हणतो, पण ती बहुतेक वेळा झोपेची किंवा पाण्याची मागणी असते.

प्रवेशद्वार उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे पोहोचा. पहिल्या तास-दीड तासात रांगा सर्वांत लहान असतात; मुलीच्या मनात सर्वांत वर असलेली राइड तेव्हाच उरका. बहुतेक लोक आत शिरताच समोर दिसेल त्या रांगेत उभे राहतात, म्हणून आधी नकाशा पाहून पार्कच्या पाठीमागच्या टोकापासून सुरुवात करणे सहसा फायद्याचे ठरते. काही पार्कांत ठरावीक वेळेचे आगाऊ आरक्षण घेऊन रांग टाळता येते. वॉल्ट डिस्ने वर्ल्डने १९९९ साली ‘फास्टपास’ ही अशी पद्धत सुरू केली आणि पुढे इतरांनीही तिचे प्रकार अवलंबले. तुम्ही जाणार तिथे अशी सोय आहे का, ते घरूनच पाहून ठेवा.

आता रांगांविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण रांग किती लांब आहे यावरून ती किती वेळ घेईल हे कळत नाही आणि लहान मुलांच्या राइडवर हा अंदाज हमखास चुकतो. समजा, छोट्या विमानांचा एक गोल पाळणा आहे आणि त्यात १६ जागा आहेत. फेरी ३ मिनिटांची आणि मुलांना बसवणे, पट्टे लावणे, उतरवणे यांत आणखी २ मिनिटे. म्हणजे तासाला १२ फेऱ्या आणि फार तर १९२ मुले. तुमच्या पुढे ६४ मुले असतील, तर रांग आटोपशीर दिसूनही तुमचा क्रमांक यायला २० मिनिटे लागतील. याउलट २० जणांची होडी दर अर्ध्या मिनिटाला सुटत असेल, तर तासाला २,४०० माणसे जातात आणि ४०० जणांची वळणावळणांची रांग १० मिनिटांत सरते. रांगेत शिरण्यापूर्वी पाच मिनिटे बाजूला उभे राहून किती जण आत जातात ते मोजा, पुढे किती आहेत याचा अंदाज घ्या आणि भागाकार करा. रांगेतली माणसे, त्यांच्या जाण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचे हे साधे नाते जॉन लिटल यांनी १९६१ साली गणिताने सिद्ध केले. पालकांना मात्र घड्याळ आणि बोटे पुरतात.

रांगेत शिरण्याआधी दोन्ही मुलांना शौचालयात न्या, ‘मला नाही लागली’ असे ती म्हणाली तरी. माझी मुलगी चार वर्षांची असताना आम्ही एका होडीसाठी चाळीस मिनिटे उभे होतो आणि साखळी उघडायला दोन माणसे उरली असताना तिने माझा सदरा ओढला. रांग सोडावी लागली. धावत परत आलो तोवर शेपूट पहिल्यापेक्षा लांब झाले होते आणि तिला पुन्हा उभे राहायचे नव्हते. त्या वयात अशी वेळ सांगून येत नाही. आणखी एक बारीक गोष्ट: हात वाळवण्याच्या यंत्राच्या आवाजाने बरीच लहान मुले दचकतात आणि मग दिवसभर शौचालयात पाय ठेवत नाहीत, त्यामुळे जवळ रुमाल ठेवावा.

एक-दीड वाजता, ऊन आणि गर्दी दोन्ही टिपेला असताना, राइडचा विचार सोडून द्या. सावलीत किंवा थंड दालनात बसा, धाकट्याला झोपू द्या. हातावर शिक्का मारून पुन्हा आत येऊ देत असतील, तर बाहेर पडून विश्रांती घेणे उत्तम. मुलांचे शरीर मोठ्यांपेक्षा लवकर तापते आणि खेळाच्या नादात ती पाणी मागत नाहीत, म्हणून दर वीस-पंचवीस मिनिटांनी दोन घोट तुम्हीच पाजा. ऊन लागू नये म्हणून बाबागाडीवर ओढणी किंवा पंचा घट्ट झाकणारे पालक मी नेहमी पाहतो. त्यांचा हेतू मायेचाच असतो, पण कापडामुळे वारा अडतो आणि आतली हवा बाहेरच्यापेक्षा बरीच तापते. त्याऐवजी गाडी सावलीत उभी करा आणि समोरची बाजू मोकळी ठेवा.

शक्य झाल्यास गर्दीत एकदा धाकट्याच्या उंचीला उकिडवे बसून पाहा. तुम्हाला रोषणाई, मनोरे आणि मिरवणूक दिसते, तिथे त्याला गुडघे, पिशव्या आणि बाबागाड्यांची चाके दिसतात. तो सारखा उचलून घ्यायला सांगतो, त्याचे कारण तिथे कळते.

प्रश्न: माझा मुलगा एका राइडच्या उंचीच्या पट्टीपेक्षा दोनच सेंटिमीटर कमी भरला. जाड तळव्याचे बूट घातले असते तर चालले असते का? आणि मांडीवर घेऊन बसलो तर काय बिघडते?

उत्तर: कृपया दोन्ही करू नका. उंचीची अट मुलाच्या धीटपणाशी जोडलेली नसते. अडवणारा दांडा शरीरावर योग्य जागी बसतो का, वळणावर मूल त्याखालून निसटणार नाही ना, यावरून ती ठरते. बुटाने पट्टीवरचा आकडा वाढतो, पण कंबर आणि खांदे होते तिथेच राहतात. मांडीवर घेण्याबद्दल सांगायचे, तर साध्या घसरगुंडीवरही पालकांच्या मांडीवर बसलेल्या मुलाचा बूट कडेला अडकतो आणि मागून मोठ्या माणसाचे वजन पुढे लोटत राहिल्याने नडगीचे हाड मोडते. बालरोगतज्ज्ञांना ही दुखापत चांगली परिचयाची आहे. मुलाची उंची घरीच मोजा आणि कोणत्या राइड जमणार नाहीत ते निघण्यापूर्वी सांगून टाका. रांगेच्या टोकाशी नकार ऐकण्यापेक्षा ते त्याला सोपे जाते. मोठ्या भावंडाला ती राइड करायची असेल, तर ‘आळीपाळीने बसण्याची सोय आहे का’ असे कर्मचाऱ्यांना विचारा. अनेक पार्कांत एक पालक धाकट्याजवळ थांबतो आणि पहिला परतल्यावर दुसऱ्याला पुन्हा रांग न लावता आत सोडतात.

प्रश्न: गर्दीत मूल हरवेल या भीतीने मी जायचेच टाळते. काय तयारी करावी?

उत्तर: आत शिरण्यापूर्वी मोबाइलवर मुलाचा पूर्ण उभा फोटो काढा, म्हणजे त्या दिवशीचे कपडे आणि बूट नेमके सांगता येतील. मनगटाच्या आतल्या बाजूला पेनाने तुमचा फोन नंबर लिहा. नाव मात्र कपड्यांवर ठळक लिहू नका, कारण अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो. ‘आई दिसली नाही तर आहेस तिथेच उभा राहा आणि मोठ्याने हाक मार’, हे घरी दोन-तीनदा करून दाखवा. गणवेशातला कर्मचारी किंवा मुले बरोबर असलेली बाई यांच्याकडे मदत मागायची, हेही त्यातच शिकवा.

मूल दिसेनासे झाले, तर गुपचूप शोधत बसू नका. ‘लाल सदरा, निळी टोपी, पाच वर्षांचा मुलगा’ असे मोठ्याने ओरडा, म्हणजे आजूबाजूची पन्नास माणसे एकदम पाहू लागतील. एकाने त्याच जागी थांबावे. दुसऱ्याने जवळचे तळे, कारंजे किंवा पोहण्याचा हौद सर्वांत आधी पाहावा, कारण पाण्याजवळ मिनिटांचाही उशीर परवडत नाही. जवळच्या कर्मचाऱ्याला लगेच सांगा. संकोच करू नका. अमेरिकेत १९९४ साली सुरू झालेल्या ‘कोड ॲडम’ या पद्धतीत मुलाचे वर्णन ताबडतोब सर्व कर्मचाऱ्यांना कळवून बाहेरच्या दारांवर नजर ठेवली जाते आणि दहा मिनिटांत मूल सापडले नाही तर पोलिसांना बोलावले जाते. तुम्ही जाल त्या पार्कमध्ये हरवलेल्या मुलांना कुठे आणून बसवतात, ते आत शिरतानाच विचारा आणि ती जागा मुलालाही दाखवून ठेवा.