ॲल्युमिनियमच्या छोट्या होडीत बॅटरीचं निगेटिव्ह बॉडीला जोडलं तर चालेल का?

नाही, जोडू नका. 'स्कूटरसारखी बॉडी अर्थ करून टाक, अर्धी वायर वाचेल' हा तुमच्या मेकॅनिकचा सल्ला स्कूटरपुरता बरोबर आहे. पण स्कूटर काही गोव्यातल्या शापोरा नदीच्या खाऱ्या पाण्यात उभी नसते. पत्र्यातून करंट परत फिरवलात तर पाण्यात बुडालेला ॲल्युमिनियम हळूहळू खाल्ला जातो.

प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी ओढा. काळ्या (निगेटिव्ह) सगळ्या एका बस बारवर, म्हणजे अनेक वायरी एकत्र जोडायच्या धातूच्या पट्टीवर आणा आणि तिथून एकच जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. बस बार प्लास्टिकच्या पाटीवर बसवा, थेट पत्र्यावर नको.

इलेक्ट्रिक स्टार्टचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) असेल तर त्याचा ब्लॉक आतून निगेटिव्हलाच जोडलेला असतो आणि इंजिन बोल्टने होडीला आवळलेलं. म्हणजे बॉडी तिथे आपोआप लागतेच. तेवढा एक जोड असू दे, दुसरा करायचा नाही. त्याचा उपयोगही आहे: पॉझिटिव्ह वायर घासून पत्र्याला टेकली तर फ्यूज उडतो. अर्थात फ्यूज असला तर! स्टार्टरची केबल सोडून बाकी सगळ्यांना बॅटरीपासून 18 सेंमीच्या आत फ्यूज हवा, आणि तो वायरीच्या जाडीप्रमाणे, हाताला लागेल तो नव्हे. वायर पत्र्याच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग) घाला.

वायर टिनचा मुलामा दिलेली घ्या. सोलताना खाली फडकं अंथरा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि कुणी ऐकत नाही. तांब्याचे केसाएवढे तुकडे फळ्यांखाली जातात, खारं पाणी साचतं, काही महिन्यांनी त्या जागी पांढरी भुकटी दिसते. ती खरवडली की खाली सुईएवढा खड्डा. त्याच कारणाने शेवाळ-शिंपले चिकटू नयेत म्हणून मारतात तो तांबंवाला रंगही या होडीला वर्ज्य.

काम झाल्यावर इंजिनाच्या दोन्ही केबली बॅटरीवरून काढा. मल्टिमीटरची लाल तार बॅटरीच्या पॉझिटिव्हला, काळी खरवडलेल्या पत्र्याला. 12 व्होल्टच्या आसपास आकडा आला तर कुठेतरी काळी वायर बॉडीला लागलीय. मग एकेक वायर सुटी करत शोधा, बहुतेक वेळा दिव्याच्या खांबाचा स्क्रू निघतो.

ॲनोड, म्हणजे होडीऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे, कोणते लावायचे हेही विचारलंत: आपल्या नद्यांचं पाणी पावसात गोडं, उन्हाळ्यात खारं, त्यामुळे जस्तापेक्षा ॲल्युमिनियमचे बरे. त्यांवर रंग मात्र मारू नका.